उंटावरून शेळ्या

कात्रप, बदलापूर (पूर्व)
पौष महिना

प्रिय रिबू,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. आधी कणीक मळताना ऐकला, मग परत नीट बसून ऐकला, कारण मागे तुझी नात आणि तुझे मिस्टर यांची जी काही जुंपली होती तिच्यात तुझं निम्मं बोलणं बुडालं. मला कळलं ते एवढं: पोरीच्या शाळेत 'आपली मुळं शोधा' असा प्रकल्प आहे. घराणं कुठून आलं, आजी-आजोबा काय बोलायचे, काय खायचे, सगळं वहीत लिहून न्यायचं. त्यात प्राण्यांची नावं आजीच्या भाषेत हवीत. 'गोट'ला तू सांगितलंस शेळी, मिस्टर मध्येच म्हणाले बकरी. पोरीचा प्रश्न रास्त आहे. दोघं अंबरनाथचे, एकाच फलाटावरून लोकल पकडणारे, मग शब्द दोन कसे? आणि तू तो प्रश्न उचलून थेट माझ्या पदरात टाकलास. स्वतः तिकडे इस्रायलात, दिमोनात बसायचं आणि बदलापूरच्या बाईला कामाला लावायचं, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तुझ्याकडे तर उंटही खरोखरचे.

निकाल आधीच सांगून टाकते. दोघंही बरोबर. पोरीला म्हणावं दोन्ही लिही, मास्तरीण खूश होईल.

शेळी हा शब्द आपल्या माजघरातला. संस्कृतात छाग, छगल. प्राकृतात त्याची छाली, छेली झाली. आता मराठीच्या तोंडात 'छ' टिकत नाही. पुढे इ किंवा ए आला की ती त्याचा 'श' करते, एरवी 'स'. क्षेत्राचं छेत्त झालं आणि आपल्याकडे येऊन शेत झालं. मक्षिकेची मच्छिआ, तिची माशी. छुरीची सुरी. त्याच वाटेने छेली आली आणि शेळी होऊन राहिली. मधल्या 'ल'चा 'ळ' करणं ही तर आपली जुनीच खोड. बंगाल्यांनी छागल जवळजवळ होता तसा ठेवला, ओडियात छेळि आहे, पूर्वेकडच्या हिंदी बोलींत छेरी. आणि तुला छागल आठवते का गं? जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, मे महिन्यात गावी जाताना तुझे बाबा खिडकीच्या गजाला टांगायचे ती. तिच्यातून पाणी झिरपून शेजारच्या बाईचा पदर भिजायचा आणि मग ती बाई घाट संपेपर्यंत बोलत राहायची. ती छागल म्हणजे हीच शेळी. पिशवी मुळात बकरीच्या कातड्याची असायची. कातडं गेलं, कॅनव्हास आला, नाव तेवढं राहिलं.

बकरीचं गोत्र वेगळं. संस्कृतात बर्कर म्हणजे लहान जनावर, करडू. त्यातला रफार गळला आणि बकरा-बकरी सगळ्या उत्तर हिंदुस्थानात पसरल्या. बोकड तर आणखी तिसऱ्याच घरचा, प्राकृतातल्या बोक्कडचा. म्हणजे एकाच दाव्याला बांधलेल्या तिघांची आडनावं तीन. पोरीची वही भरायचीच असेल तर हेही लिही म्हणावं: न व्यालेली तरणी शेळी ती पाट, पिल्लू ते करडू, आणि पिल्लू मेंढीचं असेल तर कोकरू. शहरातल्या मुलांना करडू आणि कोकरू एकच वाटतं, आणि करडई तर दोन्हींच्याही पलीकडची वाटते.

एक गंमत बघ. मराठीत सगळ्या जातीचं नाव मादीवरून आहे. शेळीपालन म्हणतो, बोकडपालन कोणी म्हणत नाही. पुण्याच्या सरकारी महामंडळाचं नावही पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ. इंग्रजीतही मुळात तसंच होतं. जुन्या इंग्रजीत 'गाट' म्हणजे फक्त मादी, नराला वेगळा शब्द होता, 'बुक्का'. पुढे गाटचा गोट झाला आणि नरमादी दोघांना तोच लागू पडला, मग ओळख पटावी म्हणून 'ही-गोट', 'शी-गोट' असे जोड द्यावे लागले. दूध देणारीच्या नावाने कळप ओळखायचा हे मला बरोबर वाटतं. बोकड काय, चार दिवसांचा पाहुणा.

आपल्या पट्ट्यात कोण काय म्हणतं ते मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. आमच्या मागच्या आळीतली आगरी काकी बकरीच म्हणते, तिच्याकडे येणारी ठाकरवाडीची माणसंही बकरीच. घाटावरून नोकरीसाठी आलेले, सातारा-नगरकडचे, ते शेळी. आमच्या शाळेच्या पुस्तकात शेळी, मटणाच्या दुकानाच्या पाटीवर बोकड. तू पुस्तकातली पोरगी, तुझे मिस्टर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमागे पोरांबरोबर उंडारणारे. निकाल तिथेच लागला होता.

आता उल्हासनगर. तिथे न जाता हा विषय पुरा होत नाही. परवा गजानन मार्केटात अस्तराचं कापड घ्यायला गेले होते. दुकानदार सिंधी काका, वयाने आपल्याहून मोठे, निर्वासितांच्या कॅम्पातच जन्मलेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, मी विचारलं, काका, सिंधीत बकरीला काय म्हणता? म्हणाले, बकिरी. मी म्हटलं, मग ते तर आमचंच. काका चिडले. "तुमचं नाही. नीट ऐका." आणि त्यांनी तो 'ब' परत म्हटला. रिबू, तो आपला 'ब' नव्हे गं. आपण 'ब' म्हणताना हवा बाहेर सोडतो, ते आत ओढल्यासारखी घेतात, गळ्याची घाटी खाली जाते आणि घोट घेतल्यासारखा बुडबुडा फुटतो. असे चार आवाज त्यांच्या भाषेत आहेत. देवनागरीत लिहिताना अक्षराखाली रेघ देतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. म्हणून ती ॿकिरी. त्यांच्या लहानपणच्या मुळाक्षरांच्या पुस्तकात त्या अक्षराशेजारी बकरीचंच चित्र असायचं म्हणे. मी दोनतीनदा म्हणून पाहिलं, काका मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, कापड घ्या." करडाला ते छेलो म्हणतात. म्हणजे बघ, आपली शेळी आणि आपली बकरी, दोन्ही त्यांच्याकडे आहेत, एक आईला आणि एक लेकराला.

फाळणीत माणसांनी काय काय आणलं याच्या याद्या आपण वाचतो. कॅम्पात आलेल्यांच्या हाती फार काही नव्हतंच. महायुद्धातल्या लष्करी बराकी, गोणपाटाचे आडोसे, 1949 साली राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, नदीच्या नावावरून उल्हासनगर म्हटलं. घशातला तो आवाज मात्र सिंधहून आला तो तसाच आहे. नातवंडांना जमत नाही, असं काका म्हणाले. नातवंडं त्या वेळी मागे बसून फोनवर रील पाहत होती.

बरं, काकीच्या बकऱ्या. तुला जनावराची आवड नाही, पण ऐक. सकाळी ती त्यांना रेल्वेच्या कुंपणाकडेने बेलवलीकडे नेते. थंडी असल्यामुळे दोघींना तिने नातवाचे जुने टी-शर्ट घातलेत, पुढचे पाय बाह्यांतून काढलेले. एकीच्या पाठीवर अजून शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाव वाचता येतं. ही जी संमेलनवाली आहे ना, काळी, कानांवर पांढरे ठिपके, तिच्या गळ्याखाली दोन मांसाचे लोंबते लोलक आहेत. केसाळ, बोटाएवढे, हात लावला तर आतून ऊबदार. ती मान वळवते तेव्हा ते एकमेकांवर आपटतात. त्यांचा काहीही उपयोग नाही. दूध नाही, घाम नाही, काही नाही. दिसतात मात्र आचळांसारखे. संस्कृतवाल्यांनी त्यावरून 'अजागलस्तन' असा शब्द केला: बकरीच्या गळ्याचे स्तन, म्हणजे असून नसल्यासारखं. सुभाषितकारांना तो फार आवडला, ज्याला पुरुषार्थ नाही त्याचा जन्म तसला, असं ते म्हणत सुटले. मराठीने तो शब्द पुरता चघळला, मागचा स्तन टाकून दिला आणि उरला 'अजागळ'. आठवतं? शर्टाचं एक टोक बाहेर, केसांना तेल नाही, की तुझी आई तुझ्या भावाला म्हणायची, "कसा अजागळ दिसतोयस!" ती त्याला बकरीचा गळा म्हणत होती. त्याला कळव. एवढी वर्षं बिचाऱ्याला नुसतं गबाळा वाटत असेल.

अज म्हणजे बकरा हे एकदा कळलं की तो कुठेकुठे दबून बसलेला सापडतो. अजगर म्हणजे बकरा गिळणारा. पावसाळ्यात बारवी धरणाच्या बाजूच्या वाड्यांमधून सर्पमित्राला फोन जातो तो बहुधा कोंबड्यांपायी, पण नाव बकऱ्याचंच. अजमोदा ही ओव्याची चुलत बहीण म्हणजे बकऱ्याचा आनंद. आणि मृगाजिनातलं अजिन हेही आधी बहुधा बकऱ्याचंच कातडं, मग कुठल्याही जनावराचं झालं. ऋषी हरणावर बसले तरी खाली शब्द बकऱ्याचा.

पण अजचा दुसरा अर्थ आहे, आणि तिथे खरी मजा आहे. अ-ज, जो जन्मलाच नाही तो. देवाला अज म्हणतात तो हा. एक शब्द, आणि त्यात एकीकडे ब्रह्म आणि एकीकडे बें बें करणारं जनावर. श्वेताश्वतर उपनिषदात तांबड्या, पांढऱ्या, काळ्या रंगाच्या एका अजेचा उल्लेख येतो. ती बकरी की न जन्मलेली प्रकृती, यावर सांख्यवाल्यांचा आणि वेदान्त्यांचा वाद पेटला, ब्रह्मसूत्रांत त्याच्यासाठी वेगळं प्रकरण खर्ची पडलं, शंकराचार्यांनी त्यावर भाष्य लिहिलं.

हे पंडितांचं झालं. याच शब्दापायी एक राजा मात्र आकाशातून पडला. महाभारतात शांतिपर्वात आहे ही गोष्ट. यज्ञात अज अर्पण करावा असं वचन. देव म्हणाले, अज म्हणजे बोकड. ऋषी म्हणाले, अज हे बियांचं नाव आहे, धान्य अर्पण करा, जीव कसला मारता? वाद मिटेना. तेवढ्यात वरून चेदीचा राजा उपरिचर वसू विमानातून चालला होता. सत्यवादी म्हणून त्याची ख्याती, त्याला पंच नेमलं. आता हा राजा किती लबाड बघ. अर्थ सांगायच्या आधी त्याने विचारलं, कोणाचा पक्ष काय आहे? देवांचा पक्ष कळला आणि मग म्हणाला, बोकड. ऋषींनी शाप दिला, राजा धाडकन आकाशातून जमिनीतल्या विवरात. मग देवांना लाज वाटली, त्यांनी यज्ञातल्या तुपाची धार त्याच्यापर्यंत पोचेल अशी सोय केली. वसोर्धारा म्हणतात ती हीच. जैनांकडेही वसूची गोष्ट आहे. तिथे अज म्हणजे परत न उगवणारं जुनं धान्य, आणि खोटा निवाडा दिल्याबरोबर राजा सिंहासनासकट खचतो. दोन्ही कथांत राजाला शिक्षा होते. बोकडाचं पुढे काय झालं ते दोघंही सांगत नाहीत.

मला यात नेहमी हेच दिसतं, रिबू. शब्द कोणीतरी उच्चारतो, अर्थ दुसरा कोणीतरी आपल्या सोयीने लावतो आणि मान शेळीची जाते. आपल्याकडे म्हणच आहे, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी म्हणेन, खाण्याआधी तो कोशही उघडतो.

तुम्हां ज्यूंकडे तरी काय वेगळं आहे? योम किप्पूरचे, तुमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे, दोन बोकड तूच मला सांगितले होतेस, शिवाजी चौकातल्या त्या उडप्याकडे बसून. दोन सारखे बोकड, चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाच्या नावाचा, त्याचा तिथेच बळी. दुसरा 'अझाझेल'च्या नावाचा, त्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडायचं. आता अझाझेल म्हणजे काय? कोणी म्हणतं रानातल्या भुताचं नाव, कोणी म्हणतं कड्याचं. विल्यम टिंडेलने 1530 साली हिब्रूतून इंग्रजी करताना तो शब्द फोडला: एझ म्हणजे बोकड, अझल म्हणजे गेला. गेलेला बोकड, निसटलेला बोकड. त्यासाठी त्याने नवीन शब्द घडवला, 'स्केपगोट'. निसटला म्हणे! तुमच्याच मिश्ना ग्रंथात लिहिलंय ना, की त्याला रानात नेऊन कड्यावरून मागे ढकलायचे? टिंडेलने कागदावर त्याला सोडवलं, एवढंच. आज तुमच्याकडे रागाने 'लेख ला-अझाझेल' म्हणतात, आपल्या 'जा मसणात'सारखं. म्हणजे बोकड विसरले, कडा तेवढा लक्षात ठेवला.

आणि आपण स्केपगोटला मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतो. वर्तमानपत्रात रोज. पूल पडला, बळीचा बकरा कारकून. पण तुमच्या पोथीप्रमाणे बळीचा होता तो पहिला बोकड. पापं वाहून नेणारा दुसरा. आपण चुकीच्या बोकडाचं नाव लावलंय. तरी मराठी शब्दच मला जास्त खरा वाटतो. तो कोणी निसटल्याचा आव आणत नाही.

तुझ्या आईच्या स्वयंपाकघराचाही हिशोब याच खात्यात. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, हे वाक्य तोरामध्ये तीन ठिकाणी आहे, शब्द 'ग्दी', म्हणजे करडू. तुमच्या रब्बींनी त्या करडाचा अर्थ एवढा ताणला, की त्यात गाय आली, मेंढी आली, पुढे कोंबडीसुद्धा आली, दुधात दही-लोणी-चीज आलं आणि भांडी वेगळी झाली. शब्दाचा अर्थ ताणून जनावराच्या बाजूने थोडं तरी काही पदरात पडलं असं हे एकच उदाहरण मला आठवतं. आणि तुझी आई कोकणातली, तिने त्यातून कसली वाट काढली! नारळाचं दूध. ना आईचं, ना करडाचं. अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांत मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडलं की जिन्यात वास यायचा आणि आम्ही काहीतरी वाटी परत करायच्या निमित्ताने वर यायचो.

दुधावरून गांधीजी आले. आमच्या गच्चीवरून चंदेरी आणि नवरा-नवरीचे सुळके दिसतात, तीच रांग पुढे माथेरानला भिडते. 1918च्या आजारपणातून उठल्यावर हवापालटासाठी गांधीजींना माथेरानला आणलं होतं. तिथलं पाणी इतकं जड की त्यांचा त्रास वाढला आणि आठवड्याच्या आत ते खाली पळाले. ते त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. मग मुंबईत डॉक्टर दलालांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्पष्ट सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. यांचं तर दूध न पिण्याचं व्रत. डॉक्टरांनी विचारलं, का नाही? यांनी गाई-म्हशींवर फुंका नावाचा जो अघोरी प्रकार करायचे तो सांगितला. कस्तुरबा खाटेपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग बकरीच्या दुधाला तुमची हरकत नसावी. झालं! व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होत्या, बकरी नव्हती. महात्म्याने बकरीचं दूध घेतलं, ते मरेपर्यंत. मला यात गांधीजींपेक्षा कस्तुरबांचं कौतुक वाटतं. वसू राजाला जे जमलं नाही ते त्यांनी केलं, शब्दाची फट शोधली आणि माणूस वाचवला. आणि गांधीजींचंही एक मानते. मी व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मारला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. इतर कोणी लिहिलंय?

मटण हा शब्दही घोटाळ्याचाच. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला, अर्थ मेंढीचं मांस. आपल्याकडे उतरला तेव्हा बोकडाचं झाला. पुण्याकडे वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घराणी बोकड खात नाहीत, त्यांना मेंढीचंच लागतं. ते 'बोल्हाईचं मटण' या नावाने मिळतं. म्हणजे शब्दाप्रमाणे जे खरोखर मटण आहे त्याला देवीचं नाव जोडावं लागतं, आणि जे नाही ते नुसतं मटण. बकरी ईदचंही तसंच. नाव बकरीचं, देवनारच्या बाजारात गर्दी बोकडांची. त्यात अरबीत 'बकर' म्हणजे गाय-बैल, कुराणातल्या सर्वांत मोठ्या सूरेचं नाव त्यावरूनच. कानाला दोन्ही शब्द सारखे, म्हणून दरवर्षी कोणीतरी शहाणा गच्चीवर मला हे समजावून सांगतो, एकदा गाईच्या बाजूने, एकदा बकरीच्या.

नातीला आवडेल असं एक सांगते, कारण वरचं सगळं तिला कंटाळवाणं होणार. ती मेस्सीला 'गोट' म्हणते असं तू सांगितलंस. आमचा पुतण्याही परवा चहा पिता पिता म्हणाला, "सचिन गोट आहे." माझे दीर पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "कुठल्या गोटात?" त्यांना वाटलं निवडणुकीचं. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, 'सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ'. मुहम्मद अलीच्या बायकोने 1992 साली त्याच्या नावाच्या हक्कांसाठी कंपनी काढली तिला हे नाव दिलं, 2000 साली एलएल कूल जे नावाच्या रॅपरने अल्बमला दिलं, 2018 साली वेब्स्टरने कोशात घेतलं. आणि गंमत म्हणजे त्याआधी अमेरिकेत खेळातला 'गोट' म्हणजे ज्याच्यामुळे सामना हरला तो! टिंडेलच्या बोकडाचाच वंशज. एकाच शतकात शिवीची पदवी झाली. आपल्याकडे 'बकरा केला' म्हणजे अजून फसवलाच, ती बढती इथे पोचली नाही.

मराठीतला गोट मात्र वेगळा. परकराच्या काठाला लावतात तो गोट, हातातला गोट आणि सैन्याचा गोट, म्हणजे छावणी. छावणीला इंग्रजीत कॅम्प. म्हणजे उल्हासनगर, कॅम्प नंबर एक ते पाच, हाच खरा गोट. हे मी त्या सिंधी काकांना सांगितलं असतं तर त्यांनी अस्तराचे पैसे वाढवले असते.

म्हशाची जत्रा नुकतीच झाली. मुरबाडकडून माणसं घोंगड्या घेऊन परतताना एसटी स्टँडवर दिसत होती. तिथला बाजार बैलांचा म्हणून गाजलेला, पण कोपऱ्यात बकऱ्याही असतात. एक जण उस्मानाबादी सांगत होता, काळीभोर, हमखास जुळं देणारी. मी विचारलं, आता तर जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, बकरीचं काय? तो म्हणाला, "बकरीला कोण विचारतं बाई, ती उस्मानाबादीच." जमनापारी यमुनेपलीकडची, आणि फलटणच्या निंबकर संस्थेने आणलेली बोअर दक्षिण आफ्रिकेची. बोअर म्हणजे डच भाषेत शेतकरी. म्हणजे फलटणचा शेतकरी आता शेतकरी नावाची शेळी पाळतो.

परवा संक्रांत. तीळ महागलेत, गूळ बरा मिळाला. तुमच्याकडे मकर राशीला काय म्हणतात ते नातीने सांगितलं तेव्हा मी हसले: ग्दी. करडू. इंग्रजांचं कॅप्रिकॉर्न म्हणजे बोकडाचं शिंग. आणि आमची मकर, पाण्यातली, सुसरीच्या जातीची. जुन्या बाबिलोनमध्ये या राशीचं चित्र पुढून बोकड आणि मागून मासा असं काढायचे. तिला सांग, वाटणी झाली तेव्हा शिंगाकडची बाजू तुम्ही घेतलीत, शेपटीकडची आम्ही.

तिळगूळ घरी कर. पार्सलने पाठवलेला चिकटतो.

तुझी,
कुंदा